तिरकं टेबल

टेबलाचा एक पाय समुद्राने घेतला.
होडी प्रवाळाला घासली तेव्हा
चौघांनी टेबल धरलं, मी माझी पिशवी धरली,
पाय धरायचं कुणालाच सुचलं नाही.
रुताने रात्रीतून दुसरा बसवला, माडाच्या खोडाचा,
तासून तासूनही बोटभर उंचच.
म्हणून या बेटावरच्या सगळ्या पाठी
मी किंचित उतारावर तपासल्या.

सभेच्या छपराला इथे मानेआबा म्हणतात.
ऐकलं आणि मला हसू फुटलं.
का, ते सांगायला माझ्या भाषेचं
दोन हजार मैलांत कुणी नव्हतं.
भिंती नाहीत. वर केवड्याच्या पानांची शाकारणी,
खाली चटयांवर पहाटेपासून माणसं,
एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करत,
लग्नाला आल्यासारखी.

तिआरेटीला विचारलं, कुठे दुखतं?
नर्सने ते तिच्या भाषेत विचारलं.
तिने पाठीला हात लावला नाही,
बाहेरचा सोडणांचा ढीग दाखवला.

मग तेबवाटोआ. माडी काढणारा.
माडी काढणारे वर चढले की गातात,
खाली चालणाऱ्याला कळावं, वर माणूस आहे.
गेल्या वर्षी एका सकाळी गाणं मध्येच थांबलं
आणि सगळं गाव त्या झाडाकडे पळालं.
तेव्हापासून कंबरेत उसण, ती निघालीच नाही.
मी त्याला कुशीवर वळवलं, गुडघा दुमडला,
माझं वजन तोललं, श्वास सोड म्हटलं,
आणि
कट्.

माझे हात अजून हवेत.
खांबाआड चार पोरं,
प्रत्येकाच्या मुठीत वाळकी काटकी.
म्हातारा उठून बसला. डावीकडे वळून पाहिलं, उजवीकडे.
बरं वाटतंय, म्हणाला.
सगळा मानेआबा लोळून हसला, मीही,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
पण रात्री मच्छरदाणीत तो आवाज परत आला
आणि त्याच्यामागून हिशेब:
दोन विमानं, एक होडी,
डनेडिनमधलं सहा वर्षांचं शिक्षण,
आणि एक काटकी.

नेई तेरेंगा चारही दिवस कोपऱ्यात बसून होती.
नारळाच्या तेलाची बाटली पुढ्यात, पाय पसरलेले.
मी यायच्या आधी या पाठी तिच्या होत्या.
ती बोलली नाही, उठली नाही,
मी चुकले की फक्त जबडा हलायचा थांबायचा.
शेवटच्या संध्याकाळी तिने माझा हात ओढून घेतला,
अंगठ्याच्या मुळाशी दाबलं.
मी ओरडले.
तिने मान हलवली, जणू एवढंच बघायचं होतं,
आणि नर्सकडे न बघता काहीतरी म्हणाली.
नर्स जरा घुटमळली. मग सांगितलं:
ती म्हणते, दुखणं गुरुवारी परत येईल.
तू?

याला उत्तर होतं माझ्याकडे,
अर्जात लिहिलेलं, छापील, दोन परिच्छेदांचं.
ते तिला ऐकवलं नाही.
तिच्या चटईवर बसले. तेबवाटोआला पालथं झोपवलं.
तिने माझं बोट धरून नेलं
कंबरेच्या कितीतरी वर, डाव्या फऱ्याच्या आत,
जिथे माझ्या कागदावर काहीच नव्हतं.
तिथे एक गाठ होती, चिंचोक्याएवढी.
दाबल्यावर त्याने नकळत एक सूर लावला
आणि पहिल्यांदाच त्या चार दिवसांत
कुणी हसलं नाही.

परतताना टेबल नेलं नाही.
होडीवाला म्हणाला, राहू दे, पुढच्या वेळी लागेल,
आणि पुढची वेळ म्हणजे काय
हे दोघांनीही विचारलं नाही.

सात महिन्यांनी नर्सचा निरोप आला.
माडावर गाणं सुरू आहे, खालच्या फांद्यांवरून.
तिआरेटीचा ढीग तसाच.
टेबल किनाऱ्यावर नेलंय, त्यावर मासे साफ करतात.
फार सोयीचं आहे, सगळे तुझी आठवण काढतात.
उतार आहे ना,
पाणी आपोआप निथळतं.